निघालेल्या जहाजाला हात केला होता. त्यांना दिसला असेल का?

मीरा_इलावारा | शनिवार, सकाळी ८:१२

मंडळी, घर बदलतोय म्हणून काल गॅरेज उपसत होते. जुन्या सायकलीमागे एक पुठ्ठा सापडला, फ्रीजच्या खोक्याचा कापलेला. एका बाजूला निळ्या स्केचपेनने इंग्रजीत 'सेफ होम'. दुसऱ्या बाजूला लेकीच्या तेव्हाच्या अक्षरात 'सुकरूप घरी जा'. हो, 'सुकरूप'. ख लिहिताना तिच्या र आणि व मध्ये मैलभर अंतर पडायचं, म्हणून तिने क वर भागवलं होतं.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही सिडनीच्या दक्षिणेला, वोलोंगाँगला राहतो. या सगळ्या पट्ट्याला इलावारा म्हणतात. १९ मार्च २०२० ला 'रूबी प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज सिडनीत लागलं आणि सुमारे २,६५० प्रवासी कोरोना तपासण्यांचे निकाल यायच्या आत उतरून घरोघरी गेले. पुढे या एका जहाजाशी शेकडो रुग्ण आणि २८ मृत्यू जोडले गेले. देशभर संताप होता आणि तो रास्तच होता. पण प्रवासी गेल्यावर जहाजावर हजाराहून जास्त कर्मचारी उरले, पन्नासेक देशांतले. त्यांना कोणी उतरू देईना. पोलिसांनी चौकशी सुरू केली, आणि ६ एप्रिलला जहाज आमच्या पोर्ट केंब्लाच्या धक्क्याला आणून बांधलं.

पोर्ट केंब्ला म्हणजे पोलाद आणि कोळशाचं बंदर. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी एकच वाक्य फिरत होतं, 'आमच्याकडेच का?' खोटं कशाला बोलू, मीही तेच लिहिलं होतं. नवरा स्टीलवर्क्समध्ये आहे. तो रात्रपाळीहून येऊन म्हणाला, "बाल्कन्यांत माणसं उभी असतात गं. एका बाल्कनीत एकच. नुसती बघत उभी असतात." त्यानंतर मला ते वाक्य पुन्हा लिहिता आलं नाही.

मग हळूहळू गावाचा सूर बदलला. आमच्या इथल्या कामगार संघटना कर्मचाऱ्यांच्या बाजूने बोलू लागल्या. खलाशांसाठी काम करणाऱ्या मिशनच्या लोकांनी सामान गोळा करायला घेतलं. मी चॉकलेटं, सिमकार्डाचे रिचार्ज आणि शेजारच्या आजींनी विणलेल्या चार कानटोप्या नेऊन दिल्या. २३ एप्रिलला काही जणांना उतरवून, उरलेल्यांना घेऊन जहाज मनिलाच्या दिशेने निघालं. त्या वेळी विनाकारण घराबाहेर पडायला बंदी होती, पण व्यायामाला मुभा होती. तर आम्ही 'व्यायामाला' हिल ६० या टेकडीवर गेलो. जुन्या तोफखान्याची टेकडी आहे, समोर सगळं समुद्र. बरेच लोक असेच व्यायामाला आलेले. जहाजाच्या अंगावर कर्मचाऱ्यांनी फलक लावला होता, 'थँक यू इलावारा'. लेकीने पुठ्ठा डोक्यावर धरला आणि जहाज लहान होईपर्यंत खाली ठेवला नाही.

लेक आता तेरा वर्षांची आहे. काल पुठ्ठा बघून तिने विचारलं, "आई, त्यांना दिसलं होतं का गं?" मला उत्तर माहीत नाही. इथे बोटीवर काम केलेलं कोणी आहे का? आणि त्या काळात अशा अडकलेल्या लोकांसाठी तुमच्या गावाने काय केलं किंवा काय केलं नाही, तेही लिहा.

---

चिंगी | ८:३१

सुकरूप 😭 पुठ्ठ्याचा फोटो टाक ना प्लीज.

---

धोंडोपंत | ९:०५

लेख छान. भावना पोचल्या. पण थोडं रोखठोक बोलतो, राग मानू नये.

टेकडीवरून हात हलवायला काय लागतं? जहाज निघालं तेव्हा हलवलेला हात आहे तो. आलं तेव्हा 'आमच्याकडेच का' होतं, हे तुम्हीच प्रांजळपणे लिहिलंय. त्या हजारातला एक जण जरी 'चौदा दिवस खोली द्याल का' म्हणून दारात उभा राहिला असता, तर टेकडीवरचे किती लोक दार उघडते? आणि ज्यांची २८ माणसं गेली त्यांना हा 'थँक यू'चा फलक बघून काय वाटलं असेल?

---

बबन_बोंबील | ९:११

धोंडोपंत, तुमच्या दारात पोस्टमन उभा राहिला तरी तुम्ही आधी भिंगातून बघता. हे सगळ्या कट्ट्याला माहीत आहे.

---

जुना_नावाडी | १०:४०

मी ३१ वर्षं इंजिनरूममध्ये काढली, सगळी मालवाहू जहाजांवर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. त्यामुळे मीराताईंच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर देऊ शकतो. इंजिनरूममधून काहीही दिसत नाही. आमच्यासाठी बंदर म्हणजे टेलिग्राफचा (वरून इंजिनाचे हुकूम खाली कळवणाऱ्या यंत्राचा) काटा 'स्टँड बाय' वर येणं. मुंबई आली की न्हावाशेवा, हे कोणीतरी वरून येऊन सांगायचं.

धोंडोपंतांच्या मुद्द्याबद्दल मात्र बोलायला हवं. प्रवाशांना जहाजातून उतरवायचं की नाही, हे कोण ठरवतं? किनाऱ्यावरचे अधिकारी आणि कंपनी. केबिन साफ करणारा पोरगा नाही. तिथल्या चौकशी आयोगाने ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्य खात्याच्या चुका गंभीर असल्याचं लिहून ठेवलं आहे. तेव्हा २८ मृत्यूंचा हिशोब त्या बाल्कनीत उभ्या असलेल्या माणसांकडे मागू नये.

दुसरं, अशा वेळी प्रवासी आणि कर्मचारी यांच्यात फरक काय पडतो, ते बघा. प्रवाशासाठी त्याचा देश विमान पाठवतो. कर्मचारी एका देशाचा, कंपनी दुसऱ्या, झेंडा तिसऱ्याच. रूबी प्रिन्सेसच्या पाठीवर बर्म्युडाची नोंदणी आहे. त्या हजार जणांतल्या किती जणांनी बर्म्युडा पाहिलं असेल? याला आमच्या धंद्यात सोयीचा झेंडा म्हणतात. सोय कोणाची ते विचारू नका.

आणि आता माझी जुनी तक्रार. क्रूझ जहाज पांढरं, उंच, दिवे लावलेलं. टीव्हीवर दिसतं. मालवाहू जहाजावर वीस-बावीस माणसं असतात, आणि २०२० च्या अखेरीला मुदत संपूनही अंदाजे चार लाख खलाशी घरी जाऊ शकत नव्हते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सलग अकरा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. माझा भाचा साडेचौदा महिने होता. १ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की खलाशांना अत्यावश्यक कामगार माना. भाच्याला तो ठराव जहाजावर वाचायला मिळाला. उतरायला मात्र फेब्रुवारी उजाडला. त्याला कोणी टेकडीवरून हात केला नाही, कारण कोळशाच्या जहाजाकडे कोण बघतं?

---

मीरा_इलावारा | ११:२२

@जुना_नावाडी, हे वाचून गप्प झाले. आमच्या खिडकीतून रोज कोळशाच्या जहाजांची रांग दिसते, क्षितिजावर नांगर टाकून उभी. २०२० मध्येही होती. मी ती मोजायची, लेकीला पाढे शिकवायला. त्यात माणसं आहेत, हे कधी मनात आलं नाही.

---

गोंयकार_बाब | १२:१५

आमच्याकडे बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. गोव्यातल्या सासष्टीत असा वाडा सापडणार नाही जिथे एक तरी घर तारवट्याचं नाही. घरासमोरची फरशी कुठल्या कॉन्ट्रॅक्टची, वरचा मजला कुठल्या कॉन्ट्रॅक्टचा, हे म्हातारी बायका बोटावर सांगतात.

माझा भावोजी तेव्हा एका क्रूझ बोटीवर शेफच्या हाताखाली. मार्चमध्ये प्रवासी उतरले आणि हे राहिले. आपली बंदरं बंद, विमानं बंद. बोट भारताच्या जवळून गेली तरी उतरायची परवानगी नाही. २१ एप्रिलला दिल्लीने नियम काढला आणि २३ एप्रिलला मुंबईत 'मरेला डिस्कव्हरी'वरून सुमारे दीडशे भारतीय उतरले. (मीराबाय, तुमच्या टेकडीचा दिवसही तोच, आता वाचताना लक्षात आलं.) आमच्या घरात त्या दिवशी सगळे टीव्हीसमोर. भावोजीची बोट ती नव्हती, पण माझी बहीण म्हणाली, दार तरी उघडलं.

तो शेवटी जूनमध्ये आला. विलगीकरण, तपासणी, पुन्हा तपासणी, सगळं करून वाड्यावर पोचला. आणि काय सांगू, ज्या शेजाऱ्यांच्या मुलांना दर ख्रिसमसला चॉकलेटं त्याने दिली, त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. बाजारातला दुकानदार फोनवर म्हणाला, सामान संपलं. सामान संपलं! दुकानात!

पण आमचा पोदेर रोज सकाळी भोंपू वाजवत यायचा, तसाच आला. सायकल थांबवली, पावाची पिशवी गेटाला अडकवली, दोनदा जास्त भोंपू वाजवला आणि गेला. चौदा दिवस. पैसे घ्यायला तयार नाही, म्हणाला नोटा नकोत, नंतर बघू. भावोजी आतून हात करायचा. तो पोदेर मूळचा कर्नाटकातला, आमच्या गावात त्याचं स्वतःचं घरसुद्धा नाही.

धोंडोपंतबाब, खोली कोणी द्यावी हा प्रश्न बरोबर आहे. पण मधे पाव असतो की नाही?

---

चिंगी | १२:१९

पोदेर ❤️

---

कोकणी_मेवा | १२:५०

गोंयकारबाबा, खिडक्यांचं काय घेऊन बसलास. आमच्या राजापूर तालुक्यात रस्ता खणलेला. खरोखरचा, जेसीबी लावून. चाकरमानी मुंबईहून येतील म्हणून. ज्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर देवळाचा कळस चढला, शाळेला पत्रे आले, गणपतीत ज्यांच्यासाठी गाव डोळे लावून बसतो, त्यांना वेशीवर अडवून शाळेत ठेवलं. पंखा नाही, संडासाला कडी नाही. माझा सख्खा काका चौदा दिवस सहावीच्या वर्गात राहिला. त्याच वर्गात तो शिकला होता. म्हणायचा, तेव्हा नापास करून एकदा ठेवलं होतं, आता पास असून ठेवलंय.

त्याला रोज रात्री भाकरी कोण आणायचं? माझी आजी नव्हे, तिला दम लागतो. गावाबाहेरच्या वाडीतली एक बाई, जिच्या वडिलांना पूर्वी याच गावाच्या विहिरीवर येऊ देत नसत. दगडावर टोपलं ठेवायची आणि लांब उभी राहायची. आता लांब उभं राहायची पाळी कोणाची होती, हे काकाला समजलं. तो त्यावर आजही नीट बोलू शकत नाही.

---

धोंडोपंत | १:३५

कोकणी_मेवा, हा प्रतिसाद वाचून चहा थंड झाला.

माझा आक्षेप मी मागे घेत नाही, थोडा सरकवतो. हात हलवणाऱ्यांवर माझा राग नाही. पण या गोष्टी सांगताना आपण नेहमी शेवटचा सीन सांगतो. जहाज निघालं, सूर्य कलला, लोकांचे डोळे भरून आले. त्या लोकांच्या पगाराचं काय झालं? प्रवासी नाहीत म्हणजे टिप्स नाहीत. क्रूझवर टिप्सवर घर चालतं, असं ऐकून आहे. त्याबद्दल टेकडीवरून कोणी ओरडलं का?

---

टिलबरीकर | २:४८

ओरडलं, धोंडोपंत. टेकडीवरून नाही, धक्क्यावरून.

मी इंग्लंडमध्ये एसेक्सला राहतो, टेम्सच्या तोंडाशी टिलबरीचं बंदर आहे तिथून वीस मिनिटांवर. २०२० च्या उन्हाळ्यात तिथे आणि ब्रिस्टलजवळ क्रूझ जहाजं बांधून ठेवली होती, त्यांवर शेकडो भारतीय. कित्येकांची कॉन्ट्रॅक्टं कधीच संपलेली. जूनमध्ये एका जहाजावरच्या भारतीयांनी जेवण सोडलं. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रकरण उचललं, इंग्लंडच्या सागरी यंत्रणेने कराराच्या कारणावरून जहाजं अडवली, आणि जुलैत कंपनीच बुडाली. या सगळ्यातून शेवटी विमानं निघाली. हा भाग कोणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही. त्यात फक्त कागद आहेत.

आम्ही काय केलं ते सांगतो, फार नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीचा हॉल त्या वर्षी मिळणार नव्हता, म्हणून वर्गणीतले थोडे पैसे होते. बंदरात खलाशांसाठी एक केंद्र चालतं. तिथे फोन करून विचारलं, काय आणू? आम्हाला वाटलं, लाडू, चकली, फरसाण म्हणतील. तिथली बाई म्हणाली, सिमकार्डं. डेटावाली सिमकार्डं, जमतील तितकी. मग म्हणाली, चार्जर. मग थोडा विचार करून म्हणाली, कोणी केस कापायचं मशीन देईल का?

आम्ही तीन मशीनं नेली. दोन महिन्यांनी फोटो आला. सात-आठ पोरं डेकवर रांगेत, सगळ्यांची एकसारखी हजामत, अगदीच वाईट. इतकी हसलेली माणसं मी त्या वर्षात दुसरीकडे पाहिली नाहीत.

---

बबन_बोंबील | ३:०२

टिलबरीकर, फरसाण दिलं की नाही ते सांगा. मूळ मुद्दा भरकटतोय.

---

टिलबरीकर | ३:०४

दिलं हो. पाच किलो. लोणच्याची बरणी मात्र गेटवरच्या माणसाने हातात धरून बराच वेळ उजेडाकडे करून बघितली. मी सांगितलं, आंबा आहे. त्याने विचारलं, "मग त्याला झालं काय?"

---

योकोहामात_राहते | ४:२०

मला हा धागा वाचताना सारखं अस्वस्थ होतंय, म्हणून लिहूनच टाकते.

फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' इथे योकोहामात दाइकोकू धक्क्याला होतं. ३,७११ माणसं, त्यात १३८ भारतीय. १३८ पैकी प्रवासी फक्त ६. बाकीचे १३२ काम करणारे. ५ फेब्रुवारीला प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये राहायला सांगितलं. आता अडीच हजारांहून जास्त प्रवाशांना केबिनमध्ये बंद केलं तर तीन वेळचं जेवण कोण करणार, दारोदार कोण नेणार, ताटं कोण धुणार? कर्मचारी. ते स्वतः दोघं-दोघं एका खोलीत झोपत, मेसमध्ये एकत्र जेवत, आणि त्यांना म्हणत, काम चालू ठेवा. सगळे मिळून ७१२ जण बाधित निघाले. भारतीयांपैकी ११९ जणांना २७ फेब्रुवारीला एअर इंडियाने दिल्लीला नेलं. १ मार्चला कप्तान जेन्नारो आर्मा सर्वांत शेवटी उतरला, त्याचं जगभर कौतुक झालं. झालंच पाहिजे. पण त्याच्या आधी जे उतरले ते ताटं धुऊन उतरले.

माझं ऑफिस शहरात. बे ब्रिजवरून गाडी गेली की ते जहाज स्पष्ट दिसायचं. तिथे मराठी बोलणारं कोणी असेल, हे मला माहीत होतं, कारण बातम्यांमध्ये भारतीय पोरांचे मदत मागणारे व्हिडिओ येत होते. मी काय केलं? पुलावर गाडीची काच वर केली. समुद्र, वारा, एवढं अंतर, तरी काच वर केली. एकदा नाही, रोज.

मीरा, तू निदान पुठ्ठा तरी धरलास.

---

मीरा_इलावारा | ४:५५

@योकोहामात_राहते, फेब्रुवारीत कोणालाच काही माहीत नव्हतं गं. आम्ही एप्रिलमध्ये होतो, दोन महिन्यांनी शहाण्या झालेल्या. आणि पहिल्या दिवशी मी काच वर केलीच होती, फक्त व्हॉट्सॲपवर.

@धोंडोपंत, मृतांच्या नातेवाइकांबद्दल तुम्ही विचारलं होतं ते राहून गेलं. प्रवासी आणि नातेवाइकांनी मिळून कंपनीवर सामूहिक दावा लावला आणि २०२३ मध्ये इथल्या फेडरल कोर्टाने कंपनीचा निष्काळजीपणा होता असा निकाल दिला. त्यांचा राग कंपनीवर आणि सरकारवर होता. आमच्या गावात मला तरी असं कोणी भेटलं नाही जे म्हणालं की वेटरने आमच्या बाबांना मारलं. आजींच्या टोप्यांचं सांगायचं राहिलं, त्या आजी आधी म्हणाल्या होत्या, 'कशाला आलंय ते जहाज इथे.' मग विचारलं, 'तिथे फिलिपिन्सची पोरं असतील ना? त्यांना थंडी वाजेल.' दोन्ही वाक्यं एकाच चहाच्या कपात.

---

भूगोलप्रेमी | ५:१०

दोन भर घालतो.

क्युबा: 'ब्रेमार' जहाजाला कॅरिबियनमध्ये कोणी घेईना. क्युबाने मारिएल बंदरात १८ मार्च २०२० ला घेतलं आणि सहाशेहून जास्त प्रवाशांना, जे बहुतेक ब्रिटिश होते, विमानतळावर पोचवलं. जहाजावर फलक लागला होता, 'ते क्येरो, कुबा'. म्हणजे क्युबा, माझं तुझ्यावर प्रेम आहे.

उरुग्वे: अंटार्क्टिकाला निघालेलं 'ग्रेग मॉर्टिमर', २१७ पैकी १२८ बाधित. मोंतेविदेओत सरकारने विमानतळापर्यंत खास मोकळा रस्ता दिला, बसेस जाताना लोक बाल्कन्यांतून टाळ्या वाजवत होते. जुना_नावाडींचा मुद्दा इथेही खरा आहे. बसमध्ये प्रवासी होते. कर्मचारी मागे जहाजावरच.

---

बबन_बोंबील | ५:१४

टाळ्या म्हटल्यावर थाळ्या आठवल्या. आमच्या सोसायटीत थाळी सगळ्यात जोरात ज्याने वाजवली, त्यानेच आठवड्याने तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सला लिफ्ट वापरू नका म्हणून चिठ्ठी लावली. चिठ्ठीखाली 'आपला हितचिंतक'. अक्षर ओळखीचं होतं, कारण पाणी कपातीच्या नोटिसाही तोच लिहितो.

---

धोंडोपंत | ५:४०

बबन, हा तुझा पहिला प्रतिसाद ज्यावर मी +१ देतो.

---

वेंगुर्ल्याचो_झिल | रात्री ९:३३

नमस्कार. मी इथे फक्त वाचतो, लिहायला आयडी आज काढला. नऊ वर्षं क्रूझवर केबिन स्ट्युअर्ड होतो, आता वेंगुर्ल्यात होमस्टे आहे. मीराताईंचा प्रश्न कोणी घेतच नाही म्हणून लिहितो.

२०२० मध्ये आमची बोट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला नांगर टाकून होती. तशा बऱ्याच होत्या, ओळीने. प्रवासी नाहीत. आम्हाला खालच्या डेकवरून काढून प्रवाशांच्या केबिन दिल्या, बाल्कनीवाल्या, एकेकाला एक. नऊ वर्षं ज्या बाल्कनीची काच पुसली, तिच्यात खुर्ची टाकून बसलो. पहिले चार दिवस मजा वाटली. मग दुपारी कोणी नाही, रात्री कोणी नाही, जेवण ट्रेमध्ये दाराशी. दुसऱ्याच्या दारात ट्रे ठेवून दोनदा टकटक करायची सवय. आता आपल्या दारावर टकटक झाली की अंगावर काटा यायचा. दुसऱ्या जहाजांवर काही जणांनी जीव दिल्याच्या बातम्या फोनवर यायच्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ऑगस्टच्या सुमारास किनाऱ्यावरून छोट्या बोटी यायला लागल्या, प्रवासी घेऊन, रिकामी क्रूझ जहाजं दाखवायला. तिकीट काढून! म्हणजे आम्ही प्रेक्षणीय स्थळ. आधी राग आला. मग एकाने भोंगा वाजवला, बोटीतली सगळी माणसं उभी राहून हात करायला लागली. आमचा एक इंडोनेशियन पोरगा टॉवेलचा हत्ती करून बाल्कनीच्या कठड्यावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी माकड, मग हंस. प्रवाशांच्या बिछान्यावर ठेवायचो तसे. तो रोज नवीन करायचा, आज बोट येईल म्हणून.

आता प्रश्नाचं उत्तर. समुद्रात मैलभर लांब असलं तर माणूस दिसत नाही. गाडीचे दिवे दिसतात. एका टोकावर रोज रात्री एक गाडी यायची, दिवे तीनदा लावायची-विझवायची. आम्ही सगळे फोनचे टॉर्च घेऊन तयार. कोण होतं ते आजपर्यंत माहीत नाही. आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं 'अप्पा'. अप्पा दोन रात्री आला नाही तेव्हा अख्ख्या डेकला काळजी. तिसऱ्या रात्री आला, त्याने सहादा दिवे लावले. बहुतेक राहिलेले भरून काढले.

पण बंदरातून बाहेर पडताना गोष्ट वेगळी. धक्का आणि बांध जवळ असतात, टेकडी उंच असेल तर वरच्या डेकच्या बरोबरीने येते. माणसं दिसतात. बोर्ड दिसतात. नुसत्या डोळ्यांनी अक्षर वाचता येत नाही, पण आमच्यातला प्रत्येक जण फोन झूम करून शूटिंग करत असतो, घरी पाठवायला. रात्री केबिनमध्ये तेच परत परत बघतो. थांबवून, मोठं करून. कोणी काय लिहिलंय, कोणाचा कुत्रा, कोणाचं मूल. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, तर दुर्बिणीच असतात.

तेव्हा मुलीला सांगा, त्या वेळी वाचलं नसेल, पण नंतर वाचलं असेल. फक्त एक सांगा, पुठ्ठ्याची मराठी बाजू समुद्राकडे होती की तुमच्याकडे?

---

जुना_नावाडी | ९:५०

वेंगुर्लेकर, स्वागत. अप्पाला सलाम. बंदर सोडताना तीन लांब भोंगे देतात ते याचसाठी, किनाऱ्याला निरोप म्हणून. मी ते कायम खालूनच ऐकले, पायाखालच्या पत्र्यातून. वर कोणी हात करत असेल, ही कल्पना आज पहिल्यांदा आली.

---

कोकणी_मेवा | ९:५८

झिला, होमस्टेचो नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आणि टॉवेलचो हत्ती करतंस काय अजून?

---

वेंगुर्ल्याचो_झिल | १०:०४

करतंय. पोरांका हंस जास्त आवडता.

---

मीरा_इलावारा | रविवार, सकाळी ७:४५

वेंगुर्ल्याच्या दादा, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. दोनदा. मग ती पुठ्ठा घेऊन अंगणात गेली आणि कसा धरला होता ते आठवायला लागली. टेकडीवर त्या दिवशी भयंकर वारा होता, पुठ्ठा सारखा उलटत होता. ती धरायची इंग्रजी, वारा करायचा मराठी. मी 'नीट धर' म्हणून ओरडत होते, ते तिला बरोबर आठवतंय.

आता तिला दुसरीच काळजी लागली आहे. कोणीतरी थांबवून, मोठं करून बघितलं असेल, तर त्यांना 'सुकरूप' दिसलं असेल.

---

बबन_बोंबील | ८:०१

तिला सांग, पन्नास देशांच्या जहाजावर मराठी शुद्धलेखन तपासणारा एकच माणूस असणार आणि तो या धाग्यावर बसलाय. धोंडोपंत?

---

धोंडोपंत | ८:२०

चालतंय. सुकरूप म्हणजे सुकर रूपाने. संस्कृतात बसवून देतो.

---

चिंगी | ८:२२

मीरा, फोटो अजून टाकला नाहीस.